फळीवरचा चिरा

टेम्पोच्या हौद्याला एक फळी तिरकी लावली आहे. फळीची लांबी २.४ मीटर, जमिनीपासून हौद्याची उंची १.२ मीटर. जांभ्याचा, म्हणजे कोकणातल्या लाल दगडाचा, कापलेला ३० किलोचा ठोकळा, चिरा, या फळीवरून वर ढकलायचा आहे. चिरा आणि फळी यांच्यातला घर्षण गुणांक ०.५ धरला, तर चिरा एकसारख्या संथ गतीने वर नेण्यासाठी किती बल लागेल?

रत्नागिरी, लांजा, राजापूर या पट्ट्यातल्या मुलांना हे दृश्य समजावून सांगावं लागत नाही. चिरेखाण, लाल धूळ, हौद्यात रचलेले चिरे हे सगळं शाळेच्या वाटेवर असतं. पण तेच दृश्य कागदावर गणित होऊन आलं की समोरून पहिला प्रश्न येतो, ‘यात कुठलं सूत्र वापरायचं?’ गती, बल आणि ऊर्जा यांची गणितं जिथे चुकतात, ती जागा बहुतेक वेळा हीच असते, असं माझं ठाम मत आहे. आकडेमोडीतल्या चुका त्यामानाने थोड्या. सूत्र हाताशी येण्याआधी एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो: आपण बोलतोय कोणाबद्दल? चिऱ्याबद्दल, फळीबद्दल, की ढकलणाऱ्या माणसाबद्दल?

इथे उत्तर आहे, चिऱ्याबद्दल. मग कागदावर फक्त चिरा काढायचा. फळी काढायची नाही, माणूस काढायचा नाही, टेम्पो तर नाहीच. एक चौकोन, आणि त्या चौकोनाला बाहेरून जे जे काही ओढतं किंवा ढकलतं त्याचे बाण. पृथ्वी त्याला सरळ खाली ओढते: ३० गुणिले ९.८, म्हणजे २९४ न्यूटन. फळी त्याला स्वतःच्या पृष्ठभागाशी काटकोनात ढकलते, ते लंब बल. फळीच त्याला पृष्ठभागाला समांतर अडवते, ते घर्षण. आणि माणसाचा हात ढकलतो. संपलं. पाचवा बाण नाही. मुलं पुष्कळदा ‘गतीचं बल’ म्हणून वरच्या दिशेने आणखी एक बाण काढतात, कारण चिरा वर चाललेला दिसतो. प्रत्येक बाणाला विचारावं, तुला लावतंय कोण? ज्या बाणाला लावणारा सापडत नाही तो खोडायचा.

आता फळीचा कोन. १.२ भागिले २.४ म्हणजे साइन ०.५, म्हणून कोन ३० अंश. वजनाचे दोन घटक करायचे: फळीला समांतर, खाली खेचणारा, २९४ × ०.५ = १४७ न्यूटन; आणि फळीवर दाबणारा, २९४ × ०.८६६ = २५४.६ न्यूटन. साइन आणि कोसाइन यांची अदलाबदल ही इथली नेहमीची चूक. ती पाठांतराने जात नाही, कोन मनातल्या मनात शून्य करून पाहिला की जाते. फळी आडवी पडली तर चिरा घसरणार नाही, म्हणजे घसरवणारा घटक शून्य व्हायला हवा, आणि शून्य अंशाला शून्य होतो तो साइन.

लंब बल या दाबाइतकंच, २५४.६. घर्षण म्हणजे घर्षण गुणांक गुणिले लंब बल, गुणांक ०.५, म्हणून ते त्याच्या निम्मं, १२७.३ न्यूटन. चिरा वर सरकतोय, म्हणून घर्षण खाली. हाताने लावायचं बल १४७ + १२७.३, म्हणजे सुमारे २७४ न्यूटन.

पुस्तकात उत्तर इथे संपतं. खरी मजा इथून पुढे आहे. चिरा सरळ उचलून हौद्यात ठेवला असता तर २९४ न्यूटन लागले असते. म्हणजे एवढी फळी लावून वाचले फक्त २० न्यूटन! कार्य मोजलं तर चित्र आणखी स्पष्ट होतं. सरळ उचलताना २९४ × १.२ = सुमारे ३५३ ज्यूल. फळीवरून २७४ × २.४ = सुमारे ६५८ ज्यूल. जवळजवळ दुप्पट. वरचे ३०५ ज्यूल घर्षणात गेले, फळी आणि चिरा किंचित तापले.

मग फळी लांब घेऊ, ४ मीटर. साइन ०.३, कोसाइन ०.९५४. खाली खेचणारा घटक ८८ न्यूटन, घर्षण १४० न्यूटन, मिळून २२८. बल कमी झालं, पण कार्य वाढून ९१४ ज्यूल झालं. कमी जोराने जास्त वेळ ढकलणं माणसाला परवडतं, म्हणून फळी वापरतात, पण ऊर्जेच्या हिशेबात ती तोट्याचीच. चिऱ्याखाली लोखंडी पाइपचे तुकडे टाकून घर्षण गुणांक ०.०५ वर आणला, तर आखूड फळीवरही सुमारे १६० न्यूटनांत काम होतं. मात्र मग हात सोडायची सोय नाही.

कारण आता दुसरा प्रश्न येतो: हात सोडला तर चिरा फळीवर थांबेल का? इथे घर्षणाचा बाण उलटतो. मघाशी तो खाली होता, आता वर आहे, कारण घर्षण सरकण्याच्या विरुद्ध असतं. त्याला स्वतःची ठरलेली दिशा नसते. खाली खेचणारे १४७, वर अडवणारे जास्तीत जास्त १२७.३. उरले १९.७ न्यूटन. भागिले ३० किलो, त्वरण, म्हणजे वेग वाढण्याचा दर, ०.६६ मीटर प्रति सेकंद वर्ग. चिरा घसरणार, सुमारे २.७ सेकंदांत फळी उतरून येणार आणि पायथ्याशी त्याचा वेग १.७८ मीटर प्रति सेकंद असणार. ४ मीटरच्या फळीवर मात्र खेचणारे ८८ आणि अडवू शकणारे १४०, तो तिथेच बसून राहील. आणि बसलेला असताना घर्षण १४० नसतं, बरोबर ८८ असतं. घर्षण गुणांक गुणिले लंब बल ही थांबलेल्या वस्तूसाठी कमाल मर्यादा आहे, नेहमीची किंमत नाही. हा फरक जिथे शिकवायचा राहतो, तिथे मुलांच्या उत्तरात थांबलेला चिरा आपोआप फळी चढायला लागतो.

वस्तुमान यात कुठे आलं? घसरणार की नाही हे ठरवताना दोन्ही बाजूंना वजन आहे, ते कटतं. उरतो फक्त कोनाचा टॅन (साइन भागिले कोसाइन) आणि घर्षण गुणांक. ३० अंशांचा टॅन ०.५७७, तो ०.५ हून मोठा, म्हणून घसरला. चिरा ३० किलोचा असो वा १५ किलोचा, निकाल तोच. ही तुलना लक्षात असू द्यावी, तिची गरज पुढे पडणार आहे.

आणखी एक बारीक गोष्ट, जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. वरचं २७४ हे उत्तर हात फळीला समांतर ढकलतो असं धरून आहे. पण जमिनीवर उभा राहिलेला माणूस बहुधा आडवं ढकलतो. आडव्या बलाचा एक घटक चिऱ्याला फळीवर दाबतो, लंब बल वाढतं, घर्षण वाढतं. पुन्हा मांडणी केली तर लागणारं बल २७४.३ भागिले (०.८६६ − ०.२५), म्हणजे ४४५ न्यूटन. चिऱ्याच्या वजनाच्या दीडपट! चिरे चढवणारी माणसं कंबरेत वाकून, हात फळीच्या रेषेत आणून ढकलतात, त्याचं कारण या एका ओळीत आहे. त्यांना हे गणित माहीत नसेल, पण त्यांच्या पाठीला माहीत आहे.

उत्तर लिहिताना २७४.३०५७ असं लिहू नये. गुरुत्व त्वरणाची प्रमाण किंमत ९.८०६६५ ही १९०१ साली ठरली. १७ अक्षांशावरच्या रत्नागिरीत ती सुमारे ९.७८ आहे. त्याने चिऱ्याच्या वजनात पडणारा फरक अर्ध्या न्यूटनाच्या आसपास. पण घर्षण गुणांक ०.५ हा अंदाज आहे. तो ०.४५ असेल तर उत्तर २६२, ०.५५ असेल तर २८७. म्हणून ‘सुमारे २७५ न्यूटन’ हे उत्तर दशांशचिन्हानंतरच्या चार आकड्यांपेक्षा जास्त खरं आहे.

गणित वाचण्यातच अडखळायला लावणारी एक अडचण आपल्या भाषेतली आहे, आणि तिच्याबद्दल मला मनापासून बोलावंसं वाटतं. बाजारात आपण म्हणतो, ‘वजन पाच किलो’. शास्त्राच्या पुस्तकात किलो हे वस्तुमानाचं एकक आणि वजन हे बल, न्यूटनमध्ये. त्यामुळे ३० किलोच्या चिऱ्याच्या गणितात बलाच्या जागी ३० लिहून मोकळं होणं हा मुलांचा आळस नसतो, घरच्या भाषेची सवय असते. चाल आणि वेग हेही घरात एकच, पुस्तकात दोन. वेगाला दिशा असते. जोर, ताकद, शक्ती, बल, ऊर्जा हे शब्द आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. आणि याची सवय होते न होते तोच दहावी संपते. अकरावीला शास्त्र शाखेत गेलं की वर्गातली भाषा बहुतेक ठिकाणी इंग्रजी होते, त्वरणाचं ॲक्सिलरेशन होतं, संवेगाचं मोमेंटम होतं, आणि समजलेली गोष्ट पुन्हा अनोळखी वाटायला लागते. यावर एक उपाय खरोखर चालतो: वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येक संज्ञेपुढे मराठी नाव, इंग्रजी नाव (देवनागरीत लिहिलं तरी चालेल), एकक, आणि ‘दिशा आहे की नाही’ हे चार रकाने. जेमतेम वीस ओळी होतात. 

यातला सगळ्यात जास्त टोचणारा शब्द ‘कार्य’. डोक्यावर भरलेली घागर घेऊन सपाट रस्त्याने एक किलोमीटर चाललं, तर घागरीवर उचलून धरणाऱ्या बलाने केलेलं कार्य शून्य. हे वाक्य ऐकून जिने उन्हात पाणी वाहिलंय तिला राग येईल, आणि तो रास्त आहे. तिच्या शरीरात ऊर्जा खर्च होतेच. स्नायू सतत आकुंचन पावतात, उष्णता तयार होते, घाम येतो. पण शून्य हे उत्तर घागरीबद्दलचं आहे, बाईबद्दलचं नाही. बल वर, विस्थापन आडवं, घागरीची उंची बदलली नाही, तिला मिळालेली ऊर्जा शून्य. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न, वस्तू कोणती?

हा प्रश्न टाळला की न्यूटनचा तिसरा नियम तर हमखास गोंधळात पाडतो. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, होडी ओढून वर घ्यायची आहे. दहा जण दोर धरून ओढतात. माणसं होडीला जितक्या बलाने ओढतात तितक्याच बलाने होडी माणसांना उलट ओढते. मग होडी हलते कशी? ही शंका हुशार मुलांना येते, आणि तिला ‘नियमच तसा आहे’ असं उत्तर देऊन गप्प करू नये.

होडी ८०० किलोची, ओल्या वाळूशी घर्षण गुणांक ०.५. वाळू तिला मागे अडवते ८०० × ९.८ × ०.५ = ३९२० न्यूटन. दहा जणांनी प्रत्येकी ४०० न्यूटन ओढलं, एकूण ४०००. होडीवरचं निव्वळ बल ८० न्यूटन, त्वरण ०.१. होडीच्या चित्रात दोराचा एकच बाण आहे, पुढचा. उलटा बाण माणसांच्या चित्रात आहे. एकमेकांविरुद्धची ती दोन बलं दोन वेगळ्या वस्तूंवर लागतात, म्हणून ती एका चित्रात कटत नाहीत.

आता माणसांचं चित्र काढू. प्रत्येकी ६० किलो, मिळून ६०० किलो. दोर त्यांना मागे ओढतो ४००० न्यूटनांनी. त्यांनाही ०.१ त्वरणाने पुढे जायचं आहे, त्यासाठी निव्वळ ६० न्यूटन पुढे हवेत. म्हणून वाळूने त्यांच्या पायांना ४०६० न्यूटन पुढे ढकललं पाहिजे. होडी हलवणारं खरं बल हे इथे आहे, टाचांखालच्या वाळूत. पडताळा हवा असेल तर माणसं आणि होडी मिळून एकच वस्तू धरा, १४०० किलो. दोर आता आतला झाला, त्याचे बाण गळाले. बाहेरून पुढे ४०६०, मागे ३९२०, उरले १४०. भागिले १४००, पुन्हा ०.१. तीन चित्रं, एक उत्तर. असा मेळ बसला की जो आनंद होतो त्यासाठी तरी हे गणित पूर्ण करावं.

आणि याच हिशेबातून हेही कळतं की तीच माणसं शेवाळलेल्या धक्क्यावर उभी राहून ही होडी का ओढू शकणार नाहीत. ४०६० न्यूटन मिळायला पायांखाली घर्षण गुणांक ०.६९ तरी हवा. ओल्या वाळूत टाच रुतवली की तेवढा आधार मिळतो. शेवाळावर तो ०.२ धरला, तर पाय जास्तीत जास्त ११७६ न्यूटनांपर्यंत टिकतील. त्यानंतर होडी जागेवर राहील आणि माणसं तिच्याकडे घसरतील. दंडात ताकद कितीही असली तरी.

माडावरून पडणाऱ्या नारळाचं गणित यापेक्षा सोपं, पण त्यात एक खड्डा आहे आणि त्यात जवळजवळ प्रत्येक जण एकदा पडतो. माड १५ मीटर उंच, नारळ सोडणासकट, म्हणजे वरच्या काथ्याच्या सालासकट, दीड किलोचा. जमिनीवर आपटताना वेग किती? ‘अंतिम वेग शून्य, कारण नारळ जमिनीवर पडून राहतो’ असं लिहिलं की गणित तिथेच बुडालं. आपण वापरत असलेली समीकरणं ९.८ या एकाच त्वरणासाठी आहेत, आणि ते त्वरण जमिनीला स्पर्श होण्याच्या क्षणापर्यंतच आहे. त्यानंतर वेगळी गोष्ट, वेगळी बलं, वेगळं गणित. स्पर्शाच्या क्षणी वेग म्हणजे २ × ९.८ × १५ = २९४ चं वर्गमूळ, १७.१ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी जवळपास ६२ किलोमीटर. वेळ १.७५ सेकंद. खालून कोणी ‘नारळ!’ म्हणून ओरडेपर्यंत एवढा वेळ निघून जातो.

हवेचा अडथळा आपण सोडून दिला. तो सोडण्याजोगा आहे का, हे तपासायला हवं. २० सेंटिमीटर व्यासाच्या गोळ्याला १७ मीटर प्रति सेकंद वेगाला हवेचा विरोध अडीच न्यूटनांच्या आसपास येतो, नारळाचं वजन १४.७ न्यूटन. शेवटी शेवटी सहावा हिस्सा, सुरुवातीला जवळजवळ काहीच नाही. त्यामुळे खरा वेग चार-पाच टक्क्यांनी कमी, साधारण १६.४. गणित पुरेसं खरं आहे. त्याच माडावरून गळणाऱ्या सुक्या झावळीला मात्र हेच समीकरण लावू नये. तिचं पसरलेलं अंग मोठं, वजन हलकं, तिथे हवाच मुख्य.

आता वेगळं गणित. नारळाने १५ मीटरांत २२० ज्यूल मिळवले. पुळणीवर पडून तो १० सेंटिमीटर रुतला, तर निव्वळ अडवणारं सरासरी बल २२० भागिले ०.१, म्हणजे २२०० न्यूटन. वजन धरून वाळूने लावलेलं थोडं जास्त. कातळावर पडून सोडण दबण्यात २ सेंटिमीटरच मिळाले तर ११,००० न्यूटन. ऊर्जा तीच, थांबायला मिळालेलं अंतर पाचपट कमी, बल पाचपट जास्त. शहाळ्याचा घड दोराने खाली सोडतात तो उगीच नाही. इथे वेळ विचारलेला नाही, अंतर दिलं आहे, म्हणून ऊर्जेचा रस्ता जवळचा. वेळ विचारला असता तर संवेगाकडून (वस्तुमान गुणिले वेग) गेलो असतो. कुठल्या रस्त्याने जायचं हे बहुतेक वेळा एवढ्यावरून ठरतं.

खाडी ओलांडण्याचं गणित थोडक्यात सांगतो. पात्र ४०० मीटर रुंद, होडीची पाण्यातली चाल २ मीटर प्रति सेकंद, ओहोटीचा प्रवाह १ मीटर प्रति सेकंद. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, सरळ समोरच्या धक्क्याकडे ठेवली तर पार जायला २०० सेकंद लागतात, पण होडी २०० मीटर खाली लागते. दोन आणि एक मिळवून तीन करणाऱ्याने दिशा विसरली. प्रवाह आडवा आहे, तो पार नेण्यात मदतही करत नाही आणि अडवतही नाही. नेमकं समोर लागायचं असेल तर नाळ प्रवाहाविरुद्ध ३० अंश वळवावी लागते, पार जाणारा वेग १.७३ उरतो, वेळ २३१ सेकंद. सगळ्यात लवकर पोचणं आणि नेमकं समोर पोचणं ही दोन वेगळी उत्तरं आहेत. प्रश्नात कुठलं विचारलंय ते दोनदा वाचावं. आणि इथे वस्तूबरोबर आणखी एक गोष्ट ठरवावी लागते: वेग कोणाच्या नजरेतून मोजायचा, पाण्याच्या की काठावरच्या.

ऊर्जेचं मोठं गणित पाहायचं तर चिपळूणच्या वर सह्याद्रीकडे बघावं. कोयनेचं पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला वळवून पोफळीच्या वीजगृहात आणलं आहे, आणि वीज करून झाल्यावर ते वाशिष्ठी नदीला मिळतं. पाण्याची पडण्याची उंची पावणेपाचशे मीटर धरू. एक घनमीटर पाणी, म्हणजे १००० किलो. १००० × ९.८ × ४७५ = सुमारे ४६.५ लाख ज्यूल. वीजबिलावरचं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे एका घनमीटरमागे काही वाया गेलं नाही तर सव्वा युनिटाहून थोडी जास्त वीज. घरावरच्या हजार लिटरच्या टाकीएवढं पाणी सह्याद्रीवरून उतरतं तेव्हा एवढंच देतं. पाणी किती लागतं याची कल्पना या एका भागाकारातून येते.

त्याच कड्यावरून कुंभार्ली घाटाने एसटी उतरते. भरलेली गाडी १५ टनांची, उतरायची उंची ५०० मीटर. गाडी वर निघताना ज्या वेगात होती त्याच वेगात खाली पोचली. मुलं म्हणतात, वेग बदलला नाही, म्हणजे ऊर्जा बदलली नाही. गतिज ऊर्जा नाही बदलली. पण १५,००० × ९.८ × ५०० = ७.३५ कोटी ज्यूल स्थितिज ऊर्जा होती, ती गेली कुठे? सगळी ब्रेकमध्ये गेली असं धरा. ब्रेकचे लोखंडी ड्रम मिळून ३०० किलो, बिडाची विशिष्ट उष्मा, म्हणजे एक किलो बीड एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता, ४६० ज्यूल. तापमान सुमारे ५३० अंशांनी वाढेल. प्रत्यक्षात उतरताना वारा ड्रमांना थंड करत असतो, म्हणून इतकं होत नाही, पण आकडा कुठे जातोय हे दिसतं. तापलेल्या ब्रेकची पकड सुटते. म्हणून चालक घाटात गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवतात आणि इंजिनाला ती ऊर्जा खायला लावतात. उतारावर गाडी न्यूट्रल करणारा माणूस डिझेल वाचवत नाही, सात कोटी ज्यूल ब्रेकच्या माथी मारतो.

पाण्याचं बघा. कोयनेचं तेच पाणी वीज न करता ४७५ मीटर नुसतं कोसळलं असतं आणि सगळ्या ऊर्जेची उष्णता झाली असती, तर ते किती तापलं असतं? ९.८ × ४७५ भागिले ४१८६, जेमतेम १.१ अंश. पाण्यात प्रत्येक किलो स्वतःच्याच उतरण्याची ऊर्जा झेलतो. गाडीत पंधरा हजार किलोंची ऊर्जा तीनशे किलोंना झेलावी लागते. शिवाय बिडापेक्षा पाण्याला तापायला नऊपट उष्णता लागते.

कोकण रेल्वेचं गणित मी शेवटी ठेवलं, कारण त्यात वरचं सगळं येतं. ताशी १०० किलोमीटरने धावणारी गाडी ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग या दराने मंदावते असं धरू. आधी एकक: १०० भागिले ३.६, म्हणजे २७.८ मीटर प्रति सेकंद. हे भागणं विसरून १०० चा वर्ग केला की गाडी दहा किलोमीटरवर थांबते. असं उत्तर आलं की पेन खाली ठेवून गाडीकडे बघावं. बरोबर उत्तर ७७२ मीटर. आता ताशी ४० किलोमीटर: १११ नाही, १.११ नाही, ११.१ मीटर प्रति सेकंद, आणि अंतर १२३ मीटर. वेग अडीचपट कमी, थांबायचं अंतर सव्वासहापट कमी, कारण वेगाचा वर्ग येतो. पावसाळ्यात या मार्गावर वेगळं, संथ वेळापत्रक लागतं, आणि जोरदार पावसात समोरचं दिसेनासं झालं की गाडी ताशी ४० पर्यंत आणतात. डोंगर कापून केलेल्या खाचेत वळणापलीकडे दगड आला असेल तर दिसल्यापासून दीड-दोनशे मीटरच हाताशी असतात. ७७२ आणि १२३ यांतला फरक तिथे जीव वाचवतो.

या मार्गावर चढ १५० ला १ याहून तीव्र ठेवलेला नाही. १५० मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. चिऱ्याच्या फळीसमोर हा चढ सपाटच म्हणायचा. पण हजार टनांच्या गाडीला तो ६५,००० न्यूटनांनी मागे खेचतो. आणि मघाची तुलना आठवा, टॅन आणि घर्षण गुणांक. १५० ला १ म्हणजे ०.००६७. पोलादी रुळावर पोलादी चाकाच्या फिरण्याला होणारा विरोध वजनाच्या ०.००२ पट धरला, तर खेचणारं तिपटीहून जास्त. अशा चढावर ब्रेक नसलेली गाडी सोडली तर ती उभी राहणार नाही. त्वरण ०.०४६. सुरुवातीला ती हलतेय हे डोळ्यांना दिसणारही नाही. एका मिनिटाने ती ताशी १० किलोमीटरने मागे चाललेली असेल.

म्हणून स्टेशनचं यार्ड सपाट लागतं. भारतीय रेल्वेत यार्डातल्या चढाची कमाल मर्यादा ४०० ला १ आणि शिफारस १२०० ला १ अशी आहे. ४०० ला १ म्हणजे ०.००२५, आपल्या ०.००२ च्या किंचित वर: सुटा डबा अगदी सावकाश का होईना, निघेल. १२०० ला १ म्हणजे ०.०००८: डबा जागेवर राहील. सड्यावरून (कातळाच्या पठारावरून) दरीत आणि दरीतून पुन्हा सड्यावर जाणाऱ्या या मुलखात एवढी लांब, एवढी सपाट जागा आपसूक मिळत नाही. एका टोकाला जांभा कापावा लागतो आणि दुसऱ्या टोकाला भराव टाकावा लागतो.